वास गेला त्या सकाळी

माझ्या नाकाचा मला भारी अभिमान होता. दूध नासायच्या आधी मला कळायचं. जिन्यात पाऊल टाकलं की कुणाची डाळ बुडाला लागली आणि कुणी सुकट भाजली, हे मी नुसतं हुंगून सांगायची. आमचे हे देहूरोडच्या दारूगोळ्याच्या डेपोत नोकरीला होते, ते म्हणायचे, "तुला आमच्या गेटवर बसवायला पाहिजे होतं, कुत्री पाळायची गरजच पडली नसती." मी हसायची. आता हसत नाही. आता रोज सकाळी उठल्याबरोबर ओव्याचा डबा उघडून हुंगते, आणि ओव्याचा वास आला की मगच पाय जमिनीला टेकवते. भीती बसलीय, दुसरं काय.

आम्ही वराळ्यात राहतो. तीन मजली इमारत, आमचं घर तळमजल्यावर. आमच्या बाजूला गटाराची मोठी लाईन अजून आलेली नाही, त्यामुळे इमारतीच्या मागच्या बाजूला जमिनीत टाकी आहे आणि सगळ्यांच्या संडास-बाथरूमचं पाणी तिच्यात जातं. टाकीतला वायू निघून जावा म्हणून एक पाईप भिंतीला धरून पार गच्चीपर्यंत नेलाय. त्याच्या तोंडाला जाळीची टोपी आहे. हे सगळं मला आता पाठ आहे. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की गच्चीवर एक घाणेरडा पाईप आहे आणि नेमका ऊन चांगलं लागतं त्याच कोपऱ्यात आहे.

त्या वर्षी चैत्रात मी कुरडया घातल्या. आमची एकुलती एक लेक पोटुशी होती. सासर लोणावळ्याला. पहिलं बाळंतपण माहेरी होणार, आणि परत जाताना तिच्याबरोबर डबा भरून कुरडया द्यायच्या, असं मी मनात ठरवलं होतं. गहू तीन दिवस भिजवले, वाटले, चीक शिजवला, सोऱ्यानं एकेक कुरडई घातली. आता भिजल्या गव्हाला काय कमी वास येतो? पण तो आपला वास, तो चालतो. पाईपाचा वास मात्र वाऱ्याच्या प्रत्येक झुळकीबरोबर माझ्या कुरडयांवर यायचा. विहीणबाईंनी तळायला घेतली आणि नाक मुरडलं तर? या विचारानंच माझं डोकं फिरलं. घरातून तांदळाची जाड प्लास्टिकची पिशवी आणली, पाईपाच्या टोपीवर चढवली, आणि लेकीच्या जुन्या ओढणीची पट्टी फाडून गच्च आवळून बांधली. म्हटलं, चार दिवसांचा प्रश्न आहे. कुरडया वाळल्या की सोडू.

कुरडया वाळल्या. डब्यात भरल्या. पिशवी मी विसरले. अगदी साफ विसरले.

वैशाख संपता संपता तळमजल्यावर वास यायला लागला. आधी बाथरूममध्ये, मग आतल्या खोलीत. सडक्या अंड्यासारखा, घशात बसणारा. सकाळी जास्त, कारण तेव्हा तिन्ही मजल्यांवर पाणी सोडलं जायचं. वर कुणी फ्लश केलं की आमच्या बाथरूमच्या जाळीतून गुडगुड आवाज यायचा आणि पाठोपाठ भपकारा. मी काय गप्प बसणारी बाई नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये उभी राहिले आणि बिल्डरपासून सेक्रेटरीपर्यंत एकेकाला धुतलं. दुसऱ्या मजल्यावर एक भाडेकरू बाई होती, गरीब, कुणाच्या अध्यातमध्यात नसायची. तिचं आणि माझं पाण्यावरून एकदा वाजलं होतं. मी सगळ्यांसमोर म्हटलं, "हिच्या घरातून काय काय टाकतात मोरीत, ते बघा आधी." ती बिचारी नुसती माझ्याकडे बघत राहिली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, तसं झालं. पण मला तेव्हा मीच चोर आहे हे कुठं ठाऊक होतं?

टाकी उपसायची गाडी आली, टाकी उपसून गेली. आठवडाभर बरं वाटलं. मग पावसाळा लागला आणि वास पहिल्यापेक्षा वाढला. मावळातला पाऊस तो, जमीन नुसती फुगते. मागच्या अंगणात पाणी, टाकीत पाणी, आणि वास सगळा आमच्या घरात.

त्यातच लेक बाळंत झाली. मुलगी. तळेगावच्या दवाखान्यातून पाचव्या दिवशी घरी आणली. एवढंसं तोंड, मुठी आवळलेल्या, आणि आवाज असा की तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईल. हे म्हणाले, "आजीवर गेलीय." मला इतका आनंद झाला की आतल्या खोलीतल्या वासाचाही क्षणभर विसर पडला.

बाळंतिणीची खोली कशी असावी हे मला माझ्या आईनं शिकवलं होतं. वारा लागता कामा नये. खिडकी बंद, पडदा ओढलेला, दाराच्या फटीत फडकं. बाळाची अंघोळ झाली की ओवा आणि बाळंतशेपांची धुरी, आणि बाजेखाली शेकाला शेगडी. आमच्या गावच्या घराला कौलं होती, भिंतीला फटी होत्या, कितीही बंद केलं तरी वारा आपली वाट शोधायचा. वराळ्याच्या घराला सरकत्या काचेची खिडकी आहे, दार नीट बसतं. एकदा बंद केलं की बंद. हा फरक मला सुचला नाही. कुणी सांगितलंही नाही, आणि सांगितलं असतं तर मी ऐकलं असतं का, देव जाणे.

लेक पहिल्या दिवसापासून म्हणत होती, "आई, खिडकी जरा उघड ना. मळमळतंय मला." मी म्हणायची, "बाळंतिणीला वारा लागला की जन्माची कंबर धरते. चार दिवस काढ." बाथरूमच्या जाळीवर मी ओलं पोतं ठेवलं, त्याच्यावर वीट. तरी गुडगुड ऐकू यायचीच. लेक म्हणायची, "आई, ती जाळी बोलते. मला भीती वाटते." मी तिला हसले. बाळंतिणीचं मन हळवं असतं, म्हटलं. आणि वासावर उपाय म्हणून धुरी वाढवली. एकदाची दोनदा, दोनदाची तीनदा. शेगडीत निखारे सारखे धगधगते ठेवले. आता तो प्रसंग डोळ्यांसमोर आला की अंगावर काटा येतो. बंद खोली, खालून गटाराचा वायू, आणि मध्ये मी हौसेनं पेटवलेले कोळसे! भडका उडाला असता तर? नाही उडाला, ही देवाची कृपा. माझ्या अकलेचा त्यात काही हात नाही.

बाळ सोळा दिवसांचं झालं त्या सकाळी मी लेकीच्याच खोलीत होते. पहाटेपासून तिच्या उशाशी बसून होते, कारण तिचं डोकं ठणकत होतं. आणि एकदम माझ्या लक्षात आलं, की वास गेलाय. खोल श्वास घेऊन पाहिला. काही नाही. ओव्याचाही नाही, धुराचाही नाही. मी लेकीला हलवलं, "बघ, गेला की नाही वास? धुरीनं गेला. म्हणत होते ना मी!" तिनं डोळे अर्धवट उघडले आणि मिटले. बाळ निवांत पडलं होतं. दूध प्यायला उठवलं तर चोखेना, पण रडतही नव्हतं. मी बोट लावून म्हटलं, "गुणाची गं माझी बाय. कालपासून आवाज नाही, किती शहाणी झाली." हे मी बोलले. माझ्या तोंडानं. अजून आठवतं आणि जिभेला चटका द्यावासा वाटतो.

साडेनवाच्या सुमाराला अंघोळ घालणारी मावशी आली. ही नवलाख उंबरे गावाहून यायची, साठीची, काटक, हाताला जादू असलेली बाई. बाळाला पायावर घेतलं की रडणारं पोरही गप्प व्हायचं. बोलायची कमी. ती बाहेरच्या खोलीतून आली, तिनं आतलं दार ढकललं आणि उंबऱ्यावरच थांबली. पदर नाकाला लावला.

"ताई, ह्यो वास कसला?"

मी हसून म्हटलं, "वास? अहो मावशी, वास तर गेला. सकाळपासून नाही."

तिचा चेहरा पांढरा पडला. असा चेहरा मी जिवंत माणसाचा पाहिलेला नाही. "तुमाला येत न्हाई? ह्यो वास तुमाला येत न्हाई?" असं दोनदा विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता आत घुसली. बाळाला दुपट्यासकट उचललं. बाळाची मान एका बाजूला लोंबकळली. "ह्ये रडंना का?" ती ओरडली. "कवापासून रडंना?" आणि बाळ छातीशी धरून तशीच बाहेर पळाली, बाहेरच्या खोलीतून, दारातून, थेट पावसात.

माझं पहिलं वाक्य काय होतं सांगू? मी म्हटलं, "मावशी, वारा लागेल तिला!"

मग मी उठले आणि माझे पाय माझे राहिले नाहीत. खोली गरगरली. भिंतीला धरलं. लेकीला हाक मारली तर ती नुसती "हं" म्हणाली. हे धावत आले. त्यांनी आधी निखाऱ्यांवर तांब्याभर पाणी ओतलं, खिडकीची काच सरकवली, आणि आम्ही दोघांनी लेकीला काखेत हात घालून बाहेर ओढलं. पार्किंगमध्ये मावशी बाळाला उपडं करून पाठ चोळत होती, तळपाय चोळत होती, पावसाचं पाणी तिच्या तोंडावर शिंपडत होती. "रड गं बाय, रड. एकदा रड." बाळाचे ओठ मला वेगळेच दिसले.  मी ज्या बाळाच्या आवाजाला दृष्ट लागू नये म्हणून मीठमोहऱ्या ओवाळल्या होत्या, ते बाळ ओरडेना. देवा, मला ने, पण हिला आवाज दे, असं मी मोठ्यानं म्हणत होते, आणि वरच्या मजल्यांवरून लोक खाली धावत येत होते.

दुसऱ्या मजल्यावरच्या त्या भाडेकरू बाईनं रिक्षा थांबवली. तिनंच. मी तिचं नाव मीटिंगमध्ये घेतलं होतं, आणि ती अनवाणी रस्त्यात उभी राहून रिक्षा अडवत होती.

तळेगावच्या दवाखान्यात बाळाला काचेच्या पेटीत ठेवलं, नाकाशी नळी लावली. लेकीलाही ऑक्सिजन. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. त्यांनी सगळं विचारलं, आणि मी खिडकी, फडकं, शेगडी असं एकेक सांगत गेले तसा त्यांचा आवाज चढत गेला. "बंद खोलीत कोळसे? आणि वर गटाराचा वायू? आजी, आणखी तासभर उशीर झाला असता तर मी तुमच्याशी हे बोलत बसले नसते." मी मान खाली घातली. मला आयुष्यात कुणी एवढं बोललं नव्हतं आणि मी एवढी गप्प बसले नव्हते.

बाकावर मावशी माझ्या शेजारी बसली होती. साडी अजून ओलीच. मी विचारलं, "मावशी, तुम्हाला कसं कळलं?"

ती समोरच्या भिंतीकडे बघत म्हणाली, "माझा मालक एका ठेकेदाराकडं व्हता. टाक्या साफ करायचं काम. एक डाव खाली उतरला. वरच्यांनी इचारलं, वास येतो का रं? तर म्हनला, पयला लय येत व्हता, आता न्हाई येत. तेवढंच बोलला. मग बोललाच न्हाई." माझ्याकडे वळून म्हणाली, "ताई, वास येतो तवर भ्यायचं न्हाई. वास गेला, की भ्यायचं. ह्यो वायू आधी नाक मारतो."

 माझं नाक, ज्याच्या जिवावर मी गावभर मिरवले, ते मेलं होतं आणि मी टाळ्या पिटल्या होत्या.

दुपारी उशिरा काचेच्या पेटीतून आवाज आला. आधी किरकिर, मग खणखणीत. मी तिथंच फरशीवर बसले आणि हुंदके देऊन रडले. नर्स म्हणाली, "आजी, बाळ रडतंय, तुम्ही कशाला रडता?" तिला काय सांगणार?

तिसऱ्या दिवशी दोघींना घरी सोडलं. रिक्षा पार्किंगमध्ये थांबली तेव्हा सगळी सोसायटी खाली जमलेली. सेक्रेटरीनं ड्रेनेजचं काम करणारा माणूस बोलावला होता. तो टाकी बघून, आमची जाळी बघून वर गच्चीवर गेला होता. आम्ही उतरतोय तोच तो जिन्यातून खाली आला. त्याच्या हातात एक मळकी, फुगून फाटायला आलेली पिशवी होती.

तेव्हा मला आठवलं. चैत्र, कुरडया, सगळं एका क्षणात आठवलं. 

"ही वरच्या पाईपाला बांधलेली," तो म्हणाला. "वरची वाट बंद केल्यावर हवा जाणार कुठं? वरचे फ्लश करतात तसा दाब बसतो, तळमजल्याच्या जाळीखाली वायू अडवायला साठलेलं पाणी उडतं, आणि सगळा वायू घरात. नाक दाबलं की तोंड उघडणारच. कुणी बांधलं हे शहाणपण?"

सेक्रेटरी वळला आणि थेट दुसऱ्या मजल्यावरच्या बाईकडे बघायला लागला. बाकीचेही तिकडेच बघायला लागले. तसं बघायला त्यांना मीच शिकवलं होतं. ती बाई पुन्हा तशीच, नुसती उभी. मला फक्त एक शब्द बोलायचा होता. मी. एवढाच. पण तोंड उघडेना. मीटिंगमध्ये तासभर तोफ डागणारी मी, माझी पाचावर धारण बसली. लेकीसमोर कसं बोलू? मी पदराच्या टोकाला पीळ घालत राहिले.

पिशवीला अजून पट्टी लटकत होती. गुलाबी रंग उन्हानं उडालेला, पण काठाला मणी होते. कॉलेजात असताना लेकीनं ते एकेक करून स्वतः शिवले होते.

लेकीनं पट्टीकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. ती वाट बघत होती, हे मला कळत होतं. मी बोलावं म्हणून ती वाट बघत होती. बाळ तिच्या खांद्यावर होतं. शेवटी ती सगळ्यांना म्हणाली, "ओढणी माझी आहे. आमच्या घरातली आहे."

एवढंच बोलून ती आत गेली. आतल्या खोलीत नाही गेली, बाहेरच्या खोलीत खिडकीशी बसली. मी पाया पडायची तेवढी बाकी ठेवली. "विसरले गं, देवाशपथ विसरले." ती म्हणाली, "विसरलीस ते मला कळलं, आई. पण आत्ता खाली तुला आठवलं होतं."  जावई संध्याकाळच्या लोकलनं आले आणि दोघींना घेऊन गेले. सव्वा महिना पुरा व्हायच्या आत लेक सासरी गेली. कुरडयांचा डबा इथंच राहिला. मी तो उघडला नाही, टाकलाही नाही.

दुसऱ्या दिवशी मी दुसरा मजला चढून गेले आणि त्या बाईची माफी मागितली. तिनं आत बोलावलं, पाणी दिलं. "बाळ कसंय?" एवढंच विचारलं. शिव्या दिल्या असत्या तर मला सोपं गेलं असतं.

त्यानंतर लेक घरी यायची, पण कधी राहायची नाही. तासाभरासाठी यायची आणि खिडकीशी बसायची. नातीला आतल्या खोलीत खेळायला जाऊ द्यायची नाही. मी काही म्हणायची नाही. काय तोंडानं म्हणू? रोज सकाळी गच्चीवर जाऊन पाईपाचं तोंड बघून यायची, आणि सगळ्या जाळ्यांत तांब्या-तांब्या पाणी ओतायची. अजून ओतते.

यंदा ती पुन्हा पोटुशी आहे. मी विचारायचं धाडस केलं नव्हतं. परवा तिचाच फोन आला, "आई, मी येतेय. सातवा संपला." मला झोप नाही लागली. आनंदानं नाही, भीतीनं. पुन्हा माझ्या घरात बाळ, आणि माझ्या हातात त्याचा जीव.

काल आली. नातीला घेऊन रिक्षातून उतरली, पिशवी माझ्या हातात दिली, आणि घरात न येता जिन्याला लागली. एवढं पोट घेऊन. मी खालून म्हटलं, "उघडा आहे गं तो. मी रोज बघते."

"बघते," ती म्हणाली.

एक मजला, दुसरा, तिसरा. चपलांचा आवाज थांबला. मग काहीच नाही. मी थोडा वेळ उभी राहिले, पण जीव राहीना. पिशवी दारात टाकली, नातीला ह्यांच्याजवळ सोडलं आणि माझे दुखरे गुडघे घेऊन वर गेले. लेक त्या कोपऱ्यात पाईपाजवळ उभी होती. एक हात भिंतीला, एक पोटावर. तोंड पाईपाकडे, डोळे मिटलेले. ती तो घाणेरडा वास श्वासात भरून घेत होती.

"येतोय," ती म्हणाली. "येतोय गं वास, आई."

मीही तिच्या शेजारी उभी राहिले आणि हुंगलं. मलाही आला. सडका, उग्र, घशात बसणारा. आम्ही दोघी तशाच उभ्या राहिलो.

मग तिनं जिना उतरायला माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाली, "चल खाली. त्या कुरडया आहेत का अजून? मला भूक लागलीय."